नवीन कोच आल्यावर रग्बी टीम खरंच सुधारतेय का, हे कसं ओळखायचं

नवीन कोच आला की दुसऱ्या मॅचलाच लोक निकाल लावून मोकळे होतात. जिंकले तर हाच तारणहार, हरले तर आधीचाच बरा होता. मला हे दोन्ही पटत नाही, कारण रग्बीत स्कोअर सगळ्यात शेवटी सुधारतो, त्याच्या आधी चार-पाच गोष्टी सुधारलेल्या असतात आणि त्या टीव्हीवर स्पष्ट दिसतात, फक्त नजर कुठे ठेवायची ते माहीत पाहिजे. मी बरीच वर्षं टेस्ट मॅचेस (रग्बीत टेस्ट म्हणजे दोन देशांमधली मॅच) वही घेऊन बघतोय, त्यातनं जे हाताला लागलं ते इथे सांगतो.

सगळ्यात आधी साउथ आफ्रिकेचं २०१८ चं वर्ष बघा. रॅसी इरॅस्मस त्या वर्षी आला. त्याच्या आधीच्या वर्षात टीमची अवस्था काय होती, तर न्यूझीलंडमध्ये ५७-० ने हार, डब्लिनला आयर्लंडकडून ३८-३. आता इरॅस्मसचं पहिलं वर्ष मोजा: १४ टेस्ट, ७ जिंकल्या, ७ हरल्या. पहिलीच मॅच वॉशिंग्टनला वेल्सविरुद्ध २२-२० ने गेली. नुसता हा आकडा बघितला तर कोणीही म्हणेल की निम्म्या मॅचेस हरणारा कोच, काय फरक पडला? आणि पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१९ ला, हीच टीम योकोहामाला इंग्लंडला ३२-१२ ने हरवून वर्ल्ड कप उचलते. मग त्या ५० टक्क्यांमध्ये असं काय होतं जे टेबलवर दिसत नव्हतं? ते शोधायची सवय लावणं म्हणजेच कोच जोखायला शिकणं.

त्या सात हारींपैकी चारांकडे नीट बघितलं की कळतं. वेल्सविरुद्ध २ पॉइंट, ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५, प्रिटोरियाला न्यूझीलंडविरुद्ध २, ट्विकनहॅमला इंग्लंडविरुद्ध १. आदल्या वर्षी ५७ अन् ३५ च्या फरकाने आपटणारी टीम आता शेवटच्या किकपर्यंत मॅचमध्ये टिकून होती. अन् मध्येच वेलिंग्टनला जाऊन न्यूझीलंडला ३६-३४ ने हरवूनही आली. माझ्या मते पहिल्या वर्षात बघायची मुख्य गोष्ट हीच, हार कुठल्या प्रकारची होती ते. जिंकण्याबद्दल नंतर बोलू.

आधी कुठे होते ते लिहून काढा

ही पायरी लोक हमखास गाळतात. नवीन कोचची पहिली मॅच सुरू व्हायच्या आधी जुन्या कोचच्या शेवटच्या १०-१२ टेस्ट काढा आणि प्रत्येकीसमोर फक्त चार गोष्टी लिहा: समोर कोण होतं, घरी की बाहेर, किती फरकाने, आणि मॅच कुठल्या टप्प्यावर हातातनं गेली. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काही टीम पहिल्या वीस मिनिटांतच मॅच सोडतात, काही साठाव्या मिनिटानंतर, आणि या दोन दुखण्यांवरचं औषध वेगळं असतं. पहिलं बहुतेक वेळा प्लॅनचं किंवा डिफेन्सचं दुखणं असतं, दुसरं फिटनेसचं नाहीतर बेंचचं.

आणि वारशात काय मिळालंय तेही बघा, म्हणजे टीममधले किती जण तिशी ओलांडलेले, वर्ल्ड कपनंतर कोण कोण रिटायर झालं, फ्लायहाफ (खेळ चालवणारा १० नंबर) ठरलेला आहे का, दोन्ही बाजूंचे प्रॉप (स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना ढकलतात तिथे, पहिल्या ओळीच्या टोकांना असणारे) आहेत का. कोचला जे मिळालं त्याच्यातनं त्याने काय केलं हाच प्रश्न आहे, त्यामुळे काय मिळालं होतं ते माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत.

एडी जोन्सचं इंग्लंड इथे आठवतं. २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड घरच्या मैदानावर पूलमधूनच (पहिल्या गटातूनच) बाहेर गेलं, लोक प्रचंड चिडले होते, मग जोन्स आला आणि २०१६ मध्ये ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या दरवर्षीच्या स्पर्धेत पाचही मॅच जिंकणं), पाठोपाठ ऑस्ट्रेलियात ३-० ने सिरीज, सलग १८ विजयांची मालिका (त्यातला पहिला जोन्सच्या आधीचा), ती मार्च २०१७ मध्ये डब्लिनला १३-९ ने थांबली. जादूच वाटावी असं. पण त्या टीममधले बहुतेक खेळाडू आधीच्या कोचनेच घडवलेले होते, जोन्सने त्यांना धार लावली, कणखर केलं. धार लावणं अन् नवीन घडवणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि २०१८ च्या सिक्स नेशन्समध्ये तेच इंग्लंड पाचवं आलं तेव्हा हा फरक दिसला. पुढे २०१९ ला सेमीफायनलमध्ये न्यूझीलंडला १९-७ ने हरवून ते फायनलला गेले हेही खरंय, म्हणजे मधल्या काळात नवीन बांधणी झालीच. मुद्दा इतकाच की हनिमूनमधले विजय बघून लगेच प्रगती झाली असं लिहू नका, आणि हनिमून संपला की लगेच सगळं संपलं असंही नको.

कोचला खेळाडू किती दिवस मिळतात?

क्लबचा कोच खेळाडूंना रोज भेटतो, देशाचा कोच वर्षातले काही आठवडेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्सच्या पाच मॅच, जुलैचा दौरा, नोव्हेंबरच्या टेस्ट, दक्षिणेकडच्या टीमना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रग्बी चॅम्पियनशिप. वर्षाला सगळ्या मिळून साधारण डझनभर टेस्ट. म्हणून तीन मॅच झाल्या म्हणजे बरंच झालं असं वाटतं ते फसवं आहे, तीन मॅच म्हणजे एकत्र घालवलेला महिना-दीड महिना.

त्यात देशागणिक फरक आहे. आयर्लंडमध्ये बरेचसे मोठे खेळाडू थेट बोर्डाच्या कॉन्ट्रॅक्टवर असतात आणि चारच प्रॉव्हिन्स (प्रादेशिक टीम), त्यामुळे कोण किती खेळणार, कधी विश्रांती घेणार यावर नॅशनल कोचचं चालतं. इंग्लंड, फ्रान्समध्ये क्लब ताकदवान, तिथे तसं नाही. एकाच मापाने दोन देशांचे कोच मोजू नका, ज्याला वेळ कमी मिळतो त्याला दोन-चार मॅच जास्त द्या.

मॅच चालू असताना काय बघायचं

सेट पीसपासून (खेळ थांबल्यावर ठरलेल्या पद्धतीने परत सुरू होतो ते, लाइनआऊट आणि स्क्रम) सुरू करा, कारण नवीन कोचचं काम सगळ्यात आधी तिथेच दिसतं. अ‍ॅटॅक बसायला वर्ष जातं, पण लाइनआऊट (बॉल मैदानाबाहेर गेल्यावर रांगेतल्या खेळाडूंनी उडी मारून पकडायचा थ्रो) दोन-तीन आठवड्यांच्या कॅम्पमध्ये सुधारू शकतो. आपल्या थ्रोवर दहापैकी नऊच्या आसपास बॉल मिळत असेल तर ठीक, आठच्या खाली घसरलं की बाकी काहीही केलं तरी उपयोग नाही, कारण समोरच्याच्या हद्दीत पेनल्टीवर कॉर्नरला मारलेला बॉल तिथेच हरवतो आणि सगळी मेहनत पाण्यात. पण नुसती टक्केवारी बघून थांबू नका, बॉल कुठे जिंकला ते बघा. हूकर (थ्रो टाकणारा) सारखा पुढच्याच माणसाला सोपा थ्रो टाकत असेल तर आकडा छान दिसतो पण त्यातनं हल्ला उभा राहत नाही. मागे, शेवटच्या जंपरकडे बॉल टाकायची हिंमत आली, आणि तो मिळतोय, तर समजायचं की कोणीतरी खूप काम केलंय.

आयर्लंडचं बघा. अँडी फॅरल २०१९ च्या वर्ल्ड कपनंतर आला, पहिलं वर्ष धड ना इकडचं ना तिकडचं, २०२१ च्या सिक्स नेशन्समध्ये पहिल्या दोन्ही मॅच गेल्या, कार्डिफला वेल्सकडून २१-१६ आणि डब्लिनला फ्रान्सकडून १५-१३. तेव्हा फॅरलवर चौफेर टीका होत होती. पण जानेवारी २०२१ मध्ये पॉल ओ'कॉनेल फॉरवर्ड्सचा (स्क्रम-लाइनआऊट करणाऱ्या खेळाडूंचा) कोच म्हणून आला होता, आणि त्याच स्पर्धेच्या शेवटच्या मॅचमध्ये इंग्लंडला ३२-१८ ने हरवताना लाइनआऊटवरूनच एक देखणी ट्राय (समोरच्याच्या गोललाइनपलीकडे बॉल टेकवणं) झाली, जॅक कोनानने हवेत बॉल पकडून खाली सोडला आणि कीथ अर्ल्स धावत जाऊन कोपऱ्यात. ती ट्राय परत परत बघा, ती सरावातच बसवलेली होती. पुढे २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये सिरीज २-१, २०२३ ला ग्रँड स्लॅम, सलग १७ विजय. पहिल्या दोन हारींवर निकाल लावणारे पार तोंडघशी पडले. म्हणून हेड कोचच्या नावापेक्षा त्याचे असिस्टंट कोण, डिफेन्स कोणाकडे, स्क्रम कोणाकडे, हे आधी बघत जा. फ्रान्सच्या बाबतीत सगळे हेड कोच फाबियां गाल्तिएबद्दल बोलतात पण डिफेन्सला शॉन एडवर्ड्स आला हाही तितकाच मोठा बदल होता.

स्क्रमबद्दल थोडक्यात: पेनल्टी कोणाला मिळतायत ते मोजा, आणि दोन्ही प्रॉप बदलल्यानंतर परत मोजा. बास.

आता ब्रेकडाऊन, म्हणजे टॅकलनंतर जमिनीवरच्या बॉलसाठीची झटापट, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण टीमचं खरं रूप इथेच दिसतं. टॅकल झाला, रक झाला (दोन्हीकडचे खेळाडू पडलेल्या बॉलवर वाकून ढकलतात तो), आता बॉल बाहेर यायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. एक, दोन, तीन. तीनच्या आत बॉल येतोय तर समोरचा डिफेन्स अजून उभा राहायचाय, तुमच्या टीमला जागा मिळणार. चार-पाच सेकंद लागतायत तर कितीही सुंदर प्लॅन असू दे, समोर चौदा जणांची भिंत तयार. मी एका हाफमधल्या वीस रकचा वेळ मोजतो आणि तीनच्या आत किती ते लिहितो. मोबाइलवर, बॅटरी खात, मॅच परत लावून केलं तरी अर्धा तास लागतो, पण या एका आकड्याने मला जेवढं सांगितलंय तेवढं कॉमेंट्रीने कधीच नाही. सोबत हेही बघा की रकमध्ये किती माणसं घालावी लागतायत. दोन जणांत काम होत असेल तर बाकीचे हल्ल्याला मोकळे, चार-चार जण गुंतत असतील तर बाहेर पास द्यायला माणूसच उरत नाही. नवीन कोच अ‍ॅटॅक बदलतोय असं पेपरात येतं तेव्हा आधी इथे बदल झालाय का ते बघायचं, रक हळू असताना अ‍ॅटॅक बदलणं म्हणजे पाया न घालता माडी चढवणं.

मग येतं बाविसाचं गणित. समोरच्याच्या २२ मीटरच्या आत तुमची टीम किती वेळा शिरली आणि तिथनं सरासरी किती पॉइंट काढले. दर खेपेला अडीच-तीन पॉइंट निघत असतील तर चांगली टीम. नवीन कोचच्या पहिल्या सहा महिन्यांत बऱ्याचदा असं होतं की आत शिरणं वाढतं पण पॉइंट वाढत नाहीत, शेवटच्या पाच मीटरवर बॉल सुटतो, पेनल्टी जाते, आणि फॅन वैतागतात. मला मात्र ते चांगलं लक्षण वाटतं. आत शिरताच येत नसेल तर काळजी करा, शिरून फसत असतील तर ते सरावाने जातं.

डिफेन्सची टॅकल टक्केवारी जपून वापरा. वेगाने पुढे धावून येणारा, बाहेरून आत दाबणारा डिफेन्स खेळायला लागलं की सुरुवातीला टॅकल चुकतात, टक्केवारी पडते, पण समोरचा मागे मागे ढकलला जातो. त्यामुळे टॅकल कुठे झाला ते बघायचं, गेनलाइनच्या (तो हल्ला जिथून सुरू झाला त्या रेषेच्या) पुढे की मागे. आणि डिफेन्स फुटल्यावर किती जण उलटे धावत येतात, हे तर नक्कीच बघा, कोचवर विश्वास आहे का ते तिथे कळतं, जिथे विश्वास संपलाय तिथे विंगर (कडेला खेळणारा) चालत येतो.

शिस्त. मॅचमध्ये आपल्या चुकांनी समोरच्याला दिलेल्या पेनल्टी दहाच्या आत असाव्यात. पंधरा-सोळा जात असतील तर आधी कुठल्या प्रकारच्या ते वेगळं काढा, ऑफसाइड आणि रकमध्ये हात घालणं हे कोचच्या हातातलं असतं, स्क्रममधली पेनल्टी कधी कधी रेफ्रीच्या नजरेवर. कार्ड मिळालेली मॅच वहीत वेगळ्या रंगात लिहा, तिचा स्कोअर बाकीच्यांत मिसळू नका. पण कार्ड मिळाल्यावर टीम कशी वागली ते सोन्यासारखं आहे. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये मार्सेला अर्जेंटिनाविरुद्ध इंग्लंडचा टॉम करी तिसऱ्याच मिनिटाला गेला, रेड कार्ड, अख्खी मॅच चौदा जणांनी, आणि तरी २७-१० ने जिंकले, सगळे २७ पॉइंट जॉर्ज फोर्डचे, सहा पेनल्टी आणि तीन ड्रॉप गोल (चालू खेळात बॉल जमिनीवर टाकून मारलेली किक). ट्राय एकही नाही. देखणा खेळ होता का, नाही. पण संकट आल्यावर अख्ख्या टीमला काय करायचं ते ठाऊक होतं आणि कोणी गोंधळलं नाही, ही इंग्लंडचा कोच स्टीव्ह बोर्थविकच्या कामाची पावती होती.

आणि शेवटची वीस मिनिटं. यासाठी मी वेगळं पान ठेवतो, साठाव्या मिनिटाचा स्कोअर आणि ऐंशीव्याचा. इरॅस्मसच्या पहिल्याच वर्षात प्रिटोरियाला साउथ आफ्रिका न्यूझीलंडविरुद्ध ३०-१३ ने पुढे होती आणि ३२-३० ने हरली. २०२४ मध्ये उलटं झालं, जोहान्सबर्गला स्कॉट रॉबर्टसनचं न्यूझीलंड २७-१७ ने पुढे असताना साउथ आफ्रिकेने ३१-२७ ने मॅच काढली. मधल्या सहा वर्षांत साउथ आफ्रिकेने बेंचचं शास्त्र करून टाकलं होतं, २०१९ ला सहा फॉरवर्ड आणि दोन बॅक (मागे धावणारे खेळाडू) बेंचवर, २०२३ च्या फायनलला तर सात आणि एक, ती फायनल १२-११ ने जिंकली. नवीन कोच बेंचचा विचार करतोय का, की फक्त दमलेल्यांची बदली करतोय, हे साठ ते ऐंशीच्या पानावरून कळतं.

समोर कोण होतं?

पाच विजय म्हटलं की छान वाटतं, पण समोर कोण, घरी का बाहेर, त्यांची पहिली टीम होती का दौऱ्यावर नवी पोरं पाठवलेली, हे न बघता मोजलेले विजय काही कामाचे नाहीत. यासाठी वर्ल्ड रँकिंगचा हिशोब समजून घ्या, तो फार अवघड नाही. प्रत्येक टीमला ० ते १०० मध्ये पॉइंट असतात. मॅच झाली की हरणाऱ्याचे जितके कमी होतात तितकेच जिंकणाऱ्याचे वाढतात. बरोबरीच्या दोन टीम असतील तर एक पॉइंट इकडचा तिकडे. घरी खेळणाऱ्याला हिशोबापुरते तीन पॉइंट जास्त धरतात, म्हणजे घरी जिंकून कमी मिळतं, बाहेर जिंकून जास्त. १५ पेक्षा जास्त फरकाने जिंकलं तर दीडपट, वर्ल्ड कपमध्ये दुप्पट. आणि दहा किंवा जास्त पॉइंटने खाली असलेल्या टीमला हरवलं तर शून्य मिळतं, कितीही धुतलं तरी.

म्हणून क्रमांक बघू नका, क्रमांक दुसऱ्यांच्या हारजितीनेही हलतो. पॉइंट बघा. कोच आला त्या दिवशी ८१ होते, वर्षाने ८४ झाले, तर टीमने खरंच कमावलंय, मग क्रमांक तोच राहिला तरी चालेल. अर्थात हा हिशोब दुखापती बघत नाही, पाऊस बघत नाही, ते तुम्ही बघायचं.

सगळ्यात खात्रीची तुलना म्हणजे तोच प्रतिस्पर्धी, तसंच मैदान, वर्षाच्या अंतराने. सिक्स नेशन्समध्ये ठिकाण दर वर्षी उलटतं, त्यामुळे तिथे दोन वर्षांची जोडी करून बघावी लागते, घाईत एका सीझनवर बोलू नये.

इटलीवर हे सगळं लावून बघू

गोंझालो केसादा २०२४ ला इटलीचा कोच झाला. आधीची नोंद काय: २०२३ च्या सिक्स नेशन्समध्ये पाचही मॅच हरले, आणि वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडकडून ९६-१७, फ्रान्सकडून ६०-७. शेवटच्या दोन हारींत टीम मनानेच संपलेली दिसत होती, बघवत नव्हतं.

केसादाची पहिली मॅच रोमला इंग्लंडविरुद्ध, २७-२४ ने हार. दुसरी डब्लिनला, ३६-०, सरळ धुलाई. इथे बरेच जण म्हणाले की परत तेच. तिसरी फ्रान्समध्ये, १३-१३ बरोबरी, शेवटच्या क्षणी पाओलो गार्बीसीचा बॉल टीवरून (किकसाठी बॉल ठेवतात त्या स्टँडवरून) पडला, त्याने घाईत परत ठेवून मारला आणि तो पोस्टला लागला, नाहीतर जिंकलेच होते. चौथी रोमला स्कॉटलंडवर ३१-२९. पाचवी कार्डिफला वेल्सवर २४-२१. दोन विजय, एक बरोबरी, सिक्स नेशन्समधला त्यांचा तोपर्यंतचा सगळ्यात चांगला सीझन.

आता वही उघडा. स्कोअर सोडून काय दिसतं? पाचपैकी चार मॅच तीन पॉइंटच्या आत संपल्या, म्हणजे शेवटपर्यंत टिकायला शिकले. ज्या टीमला वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सने ६० मारले तीच चार-पाच महिन्यांनी फ्रान्समध्येच बरोबरी करते. ही झाली प्रगतीची बाजू. पण थांबा, याचं सगळं श्रेय केसादाला द्यायचं का? नाही, कारण आधीच्या किरन क्राउलीच्या काळातच २०२२ मध्ये कार्डिफला २२-२१ ने जिंकून सिक्स नेशन्समधल्या सलग ३६ हारींची माळ तुटली होती आणि त्याच वर्षी फ्लोरेन्सला ऑस्ट्रेलियाला २८-२७ ने हरवलं होतं. पोरं तयार होत होती, क्राउलीने त्यांना मोकळं खेळायला शिकवलं, केसादाने त्यांना डिफेन्स करायला आणि शांत राहायला शिकवलं. माझं मत असं की केसादाचं काम मोठं आहे पण ते दुसऱ्याने नांगरलेल्या जमिनीवरचं पीक आहे, आणि हे म्हटल्याने केसादा छोटा होत नाही.

२०२५ ला वेल्सला परत हरवलं, २२-१५, पण फ्रान्सने रोममध्ये येऊन ७३-२४ केलं. मग काय, घसरले का? मी त्या वेळी वहीत "थांबा" एवढंच लिहिलं. नोव्हेंबरमध्ये उदिनेला ऑस्ट्रेलियाला २६-१९ ने हरवलं. रेघ अशीच जाते, वर, खाली, थोडी जास्त वर. एकदम सरळ वर जाणारी रेघ मी तरी कुठल्या टीमची बघितलेली नाही.

सिलेक्शन

हे लोक भावनेने बघतात, आपला लाडका खेळाडू आहे का नाही एवढंच. मी दोन गोष्टी बघतो. एक म्हणजे वर्षभरात किती नवीन जणांना कॅप मिळाली (म्हणजे ते देशाकडून खेळले) आणि त्यातले किती जण तिसऱ्या-चौथ्या मॅचलाही दिसले, कारण नुसत्या कॅप वाटणं सोपं आहे, खेळवत राहणं कठीण. दुसरं म्हणजे ९ आणि १० नंबर, स्क्रमहाफ आणि फ्लायहाफ. ही जोडी दर मॅचला बदलत असेल तर कोचचं स्वतःचंच ठरलेलं नाही. एक वर्ष उलटूनही फ्लायहाफ सापडत नसेल तर मी तरी काळजीत पडतो. कॅप्टन कोण केला तेही सांगून जातं, इरॅस्मसने २०१८ मध्ये सिया कोलिसीला कॅप्टन केलं तेव्हा लोक त्याच्या इतिहासाबद्दल बोलले आणि ते बरोबरच होतं, स्प्रिंगबॉक्सचा (साउथ आफ्रिकेच्या टीमचा) पहिला कृष्णवर्णीय टेस्ट कॅप्टन, पण टीमसाठी तो माणूस पुढची पाच-सहा वर्षं खांब होऊन उभा राहिला.

खरंच बिघडलंय हे कधी समजायचं

धीर धरा म्हणणं सोपं आहे, पण कधी कधी धीर धरणं चुकीचं असतं. ऑस्ट्रेलिया, २०२३. तोच एडी जोन्स, आता घरी. नऊ टेस्ट, दोन विजय, वर्ल्ड कपमध्ये फिजीकडून २२-१५, वेल्सकडून ४०-६, आणि इतिहासात पहिल्यांदा ऑस्ट्रेलिया पूलमधून बाहेर. हारी होत्याच, पण मला जास्त खटकलं ते हे की हारी जवळच्या होत जाण्याऐवजी शेवटची हारच सगळ्यात मोठी ठरली आणि अनुभवी माणसं वगळून वर्ल्ड कपला अगदी कोवळी टीम नेली. आदल्या मॅचमधली चूक पुढच्या मॅचमध्ये तशीच्या तशी दिसते, आणि त्याच्या पुढच्यातही, तेव्हा समजायचं की सरावात त्यावर काम होत नाहीये किंवा खेळाडू ऐकत नाहीयेत. तीच चूक तीन मॅच, ही माझी लाल रेघ. चुका नवीन नवीन होत असतील तर मी थांबतो.

आणि मी स्वतः कुठे चुकलो ते सांगायलाच पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्विकनहॅमला इंग्लंड फिजीकडून ३०-२२ ने हरलं, त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच मैदानावर फ्रान्सने ५३-१० केलं होतं, आणि मी बोर्थविकवर फुली मारली. दोन महिन्यांनी तेच इंग्लंड पॅरिसला सेमीफायनलमध्ये साउथ आफ्रिकेकडून फक्त १६-१५ ने हरलं, तेही शेवटच्या काही मिनिटांतल्या पेनल्टीवर. मी वहीत परत मागे जाऊन बघितलं तर लाइनआऊट आणि किकिंग उन्हाळ्यापासून हळूहळू बसत होतं, माझ्याच आकड्यांत होतं ते, पण रागात मी फक्त स्कोअर बघितला. तेव्हापासून मॅच संपल्यावर चोवीस तास मत लिहीत नाही, आधी आकडे, मत दुसऱ्या दिवशी.

सराव करायचा असेल तर जो श्मिटच्या ऑस्ट्रेलियाच्या दोन मॅच एकापाठोपाठ बघा. पहिली सप्टेंबर २०२४ ची सांता फे मधली, अर्जेंटिनाविरुद्ध २०-३ ने पुढे होते आणि ६७-२७ ने हरले. दुसरी ऑगस्ट २०२५ ची जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवरची, साउथ आफ्रिकेविरुद्ध २२-० ने मागे पडले आणि त्यानंतर सलग ३८ पॉइंट करून ३८-२२ ने जिंकले, त्या मैदानावर १९६३ नंतर पहिल्यांदा. पहिलीत चाळीस ते ऐंशी मिनिटं बघा आणि दुसरीत विसाव्या मिनिटापासून पुढची चाळीस, आवाज बंद करून, रकचे सेकंद मोजत, डिफेन्स फुटल्यावर मागे कोण धावतंय ते बघत. कोच दोन्हीकडे तोच आहे, खेळाडूही बरेचसे तेच.